नगरचा पहिला दिवस : थोडे पाहा, निवांत पाहा

सुट्टी लागली की घरोघरी सहलीचे बेत ठरतात. बेत म्हणजे बहुतेक वेळा एक लांबलचक यादीच असते. सकाळी हे, दुपारी ते, संध्याकाळी आणखी काही. संध्याकाळपर्यंत मुले रडकुंडीला येतात, वडीलधाऱ्यांचे गुडघे धरतात आणि घरातील बाईचे तर पाहणे कमी, पिशव्या सांभाळणेच जास्त होते. शरीअतने मुसाफिरासाठी नमाज कसर केली, रोजा पुढे ढकलण्याची मुभा दिली. सफरीत कष्ट असतात, हे त्यात मान्य केलेले आहे. मग ते कष्ट आपण होऊन का वाढवायचे? अनोळखी शहरातला पहिला दिवस तरी हलका ठेवावा.

उदाहरण म्हणून नगर शहर घेऊ. सरकारदरबारी २०२४ पासून ते अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. लोकांच्या तोंडी मात्र पूर्वीही ‘नगर’ होते आणि आजही ‘नगर’च आहे. शिर्डी किंवा शिंगणापूरला जाणारे हजारो लोक हे शहर बसच्या खिडकीतून पाहतात आणि पुढे जातात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने सीना नदीच्या काठी हे शहर वसवले. पाचशे वर्षांचे हे शहर एका दिवसात संपणार नाही, हे आधीच मान्य केले म्हणजे मन मोकळे होते.

गेल्या सुट्टीत आम्ही सासूबाई आणि दोन मुलांसह गेलो, तेव्हा पहिल्या दिवसासाठी एकच मोठे ठिकाण ठरवले : भुईकोट किल्ला. सामान मुक्कामी ठेवले, नाश्ता केला आणि उन्हे चढायच्या आत रिक्षाने निघालो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. म्हणून ओळखपत्र जवळ असू द्यावे आणि त्या दिवशी आत जाता येते का, याची आधीच चौकशी करून ठेवावी. खंदक, दगडी तट आणि बुरूज बाहेरूनही पाहण्यासारखे आहेत. १५९५-९६ मध्ये मोगल फौजांचा वेढा पडला, तेव्हा चांदबिबीने हाच किल्ला लढवला. मुलींना हे तटासमोर उभे करूनच सांगावे. पुस्तकातील चार ओळींपेक्षा ते अधिक लक्षात राहते.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक दिल्यावर काँग्रेसच्या बड्या नेत्यांना इथेच कैदेत ठेवले होते. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ याच कैदेत लिहिले आणि मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे. त्या पत्रांत पहाटेचा चहा आहे, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या आहेत आणि एक मोठे दुःखही आहे. एप्रिल १९४३ मध्ये मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्या आजारी होत्या तेव्हाही मौलानांनी सरकारकडे काही मागितले नाही. आमचा मुलगा उर्दू माध्यमात शिकतो. चिमण्यांची गोष्ट त्याला आधीच वाचून दाखवली होती. तो तटाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “अम्मी, त्यांना घरी एकदाही जाता आलं नाही?” मी उत्तर द्यायची घाई केली नाही. यादीतले पुढचे ठिकाण वाट पाहत असते, तर तो प्रश्न रिक्षाच्या आवाजात विरून गेला असता.

किल्ल्याजवळच दमडी मशीद आहे. सोळाव्या शतकातली, आकाराने लहान, पण दगडावरचे कोरीव काम असे की नजर हटू नये. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी एकेक दमडी देऊन ती उभारली, असे सांगतात. सासूबाई सावलीत बसल्या आणि नातवंडांना दमडी म्हणजे किती ते समजावू लागल्या. इथे अर्धा तास सहज जातो, जाऊ द्यावा.

जुहरपूर्वी मुक्कामी परतावे. नमाज, जेवण आणि त्यानंतर चक्क झोप. बाहेर स्त्रियांना नमाजसाठी जागा मिळेलच असे नाही. म्हणून वेळापत्रक नमाजभोवती बसवले तर धावपळ होत नाही. जवळ एक मुसल्ला मात्र असावाच. असरनंतर कापड बाजारात पायी फिरावे. खरेदी झालीच पाहिजे असे नाही. गर्दी, बोली आणि वास यांतून शहराची ओळख होते. रस्ता विचारायच्या निमित्ताने दोन माणसांशी बोलणे होते, आणि दुसऱ्या दिवशीचे भरवशाचे जेवण कुठे मिळेल तेही कळते. मगरिबला परत.

पाण्याच्या मधोमध बांधलेला फराहबाग, रणगाड्यांचे संग्रहालय, आणि शहराबाहेर डोंगरावर असलेला, लोक ज्याला चांदबिबी महाल म्हणतात तो सलाबतखानाचा मकबरा, हे सारे दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे. मकबऱ्याला चढ आहे, तिथे ताजे पाय हवेत.

रात्री मुलांना एवढेच विचारावे : आज काय आवडले, आणि उद्या काय पाहायचे? दुसऱ्या दिवसाचा बेत त्यांनाच करू द्या. आमच्या मुलांनी तीनपैकी दोनच ठिकाणे निवडली. तिसऱ्यासाठी पुन्हा यायचे, असे सासूबाईंनीच ठरवून टाकले.