जिजाईच्या बाजूने

तुकोबांना मी आधी तेलुगूत गाताना ऐकलं. हैदराबादेत बडी चावडीच्या आमच्या घरात मराठी, खाली दुकानात दखनी आणि शेजारच्या अम्मांकडे तेलुगू असा आमचा संसार. टीव्ही अम्मांकडे होता, म्हणून त्यांचे देव आणि त्यांचे नट आधी भेटले. 'भक्त तुकाराम' 1973 चा. अक्किनेनी नागेश्वरराव टाळ घेऊन उभे, गळा घंटसालांचा, आणि शिवाजी महाराजांच्या वेषात साक्षात शिवाजी गणेशन. या तमिळ नटाचं मूळ नाव नुसतंच गणेशन. अण्णादुराईंच्या नाटकात त्यानं महाराज उभे केले आणि पेरियारांनी त्याला 'शिवाजी' म्हटलं, ते कायमचं चिकटलं. म्हणजे महाराजांवरून नाव पडलेला तमिळ माणूस तेलुगू सिनेमात देहूच्या वाण्यापुढे हात जोडून उभा! पुण्याच्या पाहुण्यांना याची गंमत वाटायची. आम्हाला त्यात गंमत काय तेच कळायचं नाही. त्याआधी 1957 साली एन. टी. रामारावांनी 'पांडुरंग माहात्म्यम्'मध्ये पुंडलिक रंगवला होता, आणि अम्मा त्या पुंडलिकाविषयी अशा बोलत की तो गुंटूरकडचा त्यांचाच कुणी वाया गेलेला भाचा असावा.

प्रभातचा 'संत तुकाराम' फार नंतर पाहिला, मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमात, सतरंजीवर बसून. दामले-फत्तेलालांचा हा 1936 चा सिनेमा. व्हेनिसच्या महोत्सवात पुढल्याच वर्षी वाखाणला गेलेला, तेव्हा त्याविषयी आदर बाळगूनच बसले होते. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले. एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेल्या या माणसाच्या डोळ्यांत अशी काही माया आहे की वाद घालायची सोयच नाही. पण पाच-दहा मिनिटांत माझं लक्ष त्यांच्यावरून उडालं, कारण तुकोबांची बायको, जिजाई, आली.

गौरी नावाची ही नटी प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामावर आली होती असं सांगतात. पडद्यावर ती अभिनय करते असं मला कधी वाटलंच नाही. ती घर चालवते. म्हैस सांभाळते, पोरांच्या तोंडात काय घालायचं याची चिंता करते, आणि नवरा पुन्हा हात हलवत परत आला की तोंडाचा पट्टा सोडते. आजारी पोराला घेऊन ती देवळात शिरते तेव्हा तिच्या हातात पायतण असतं. विठोबाशी हिशेब करायला ती निघालेली असते. शेवटी वैकुंठातून गरुड येतो, विमान वर जातं, त्या काळच्या मानानं ही करामत मोठीच. तुकोबा जातात. ती खाली राहते, पोरांजवळ. मला तर तो सिनेमा तिचाच वाटतो. नाव तेवढं नवऱ्याचं.

तेलुगू चित्रात जिजाई अंजलीदेवींनी केली, आणि सिनेमाही त्यांच्याच अंजली पिक्चर्सचा. त्या रागावतात, रुसतात, पण त्या रागाला रिकाम्या पोटाचा वास नाही. गाण्यांत मात्र, खरं बोलायचं तर, मी घंटसालांच्या पायाशी बसते. प्रभातची गाणी ऐकताना मी मान डोलावते. घंटसाल सुरू झाले की मान डोलवायचंही सुचत नाही. अम्मांना गौरीची जिजाई मुळीच रुचली नाही. "देवाला चप्पल दाखवते? ही कसली भक्ती?" मी म्हणायची, अम्मा, तिच्याइतका देव कुणी खरा मानलाय? जो नाहीच, त्याला कोण मारायला जाईल?

जुने सिनेमे आवडतात म्हटलं की लोकांना वाटतं, ही आता जुन्या थिएटरांवर उसासे टाकणार. सिकंदराबादचं संगीत गेलं, आरटीसी क्रॉस रोड्सचं सुदर्शन 70 एमएम गेलं, हळहळ आहेच. पण एका थिएटरातले ढेकूण मला अजून आठवतात, आणि भिंतीसाठी रडणं मला जमत नाही. शिवाय जुनं म्हणजे चांगलं हेही मला मान्य नाही. जुन्यात रद्दी भरपूर होती. एखादी बाई भांडायला उठली की मी सावरून बसते, एवढाच माझा निकष.

म्हणून 'बाजार' आणि 'कुंकू' मी एकमेकांसमोर ठेवते. 'बाजार' आमच्या हैदराबादचा, सागर सरहदींचा, 1982 चा. गरिबाघरची कोवळी मुलगी पैशाच्या जोरावर थोराड माणसाच्या गळ्यात बांधली जाते आणि जीव देते. त्यात आमच्या मख्दूम मोहिउद्दीन यांची गझल आहे, खय्यामांची चाल, लताबाईंबरोबर आमचेच तलत अझीझ. इतकी देखणी की ऐकताना मुलीचा विसर पडतो, आणि हाच माझा त्या सिनेमावरचा राग. व्ही. शांताराम यांच्या 1937 च्या 'कुंकू'त गोष्ट तीच. नीरेला म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लावून दिलं जातं. पण शांता आपटे ते लग्न मानतच नाही. आणि शांतारामांनी पार्श्वसंगीताला फाटा दिलेला, त्यामुळे तिच्या नकारावर पांघरूण घालायला व्हायोलिनं नाहीत. तिथे शेवटी म्हातारा स्वतःला संपवतो आणि तिची वाट मोकळी करतो. पंचेचाळीस वर्षांनी मरायची पाळी मुलीवर आली. खरं कुठलं, असं विचाराल तर 'बाजार'. माझ्या पदरी सत्य पुष्कळ आहे, मला नीरा हवी असते.

आणि मग 'अंकुर'. श्याम बेनेगल तिरुमलगिरीत जन्मले, निझाम कॉलेजात शिकले. 2024 च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा आमच्याकडे घरातलं माणूस गेल्यासारखी चर्चा झाली. 1974 च्या या सिनेमाचे उपकार समजायला 'गुमनाम'मधला मेहमूद आठवावा लागतो. तोवर हिंदी पडद्यावर आमची दखनी बोली यायची ती हशा पिकवायला. 'हौ' म्हटलं की टाळी, 'नक्को' म्हटलं की शिट्टी. आम्हीही हसायचो, हेही खरं. 'अंकुर'मध्ये शबाना आझमीची लक्ष्मी त्याच बोलीत उपाशी राहते, जमीनदाराच्या पोरावर, सूर्यावर, भाळते, गरोदर राहते. तिचा मुका नवरा किष्टय्या काम मागायला परततो आणि सूर्या भेदरून त्याला चाबकानं फोडून काढतो, तेव्हा लक्ष्मी त्याच बोलीत सूर्याला शिव्याशाप देते. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

समीक्षक त्यानंतरच्या दगडाविषयी लिहितात. एक पोरगं वाड्याच्या खिडकीवर दगड भिरकावतं, काच फुटते, क्रांतीचा अंकुर वगैरे. मला तो दगड नको होता. तो दिग्दर्शकानं मारला आहे. लक्ष्मीनं जे बोलायचं ते बोलून झालं होतं, तिथेच सिनेमा थांबायला हवा होता. हे मी अम्मांना सांगितलं, तर जिजाईची चप्पल न खपलेल्या अम्मा दगडाच्या बाजूनं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ती किती बोलेल? बोलून कुणी ऐकलं का तिचं? पोरानं बरोबर केलं." मी म्हटलं, मग जिजाईनं काय वाईट केलं होतं? त्या म्हणाल्या, "जमीनदार वेगळा, देव वेगळा." यावर आमचं अजून जुळलेलं नाही.