पिशवीतले कागद

तर मंडळी, दोन शनिवार काही लिहिलं नाही, कारण मी गावाकडे होतो. गावाकडे म्हणजे मामाच्या गावाला. ते मूळ गाव आता गोसीखुर्दच्या पाण्याखाली आहे. मामा राहतो तो पुनर्वसनाचा गावठाण. सरळ आखलेले रस्ते, सारखे प्लॉट, आणि जुन्या गावातून उपटून आणलेली एक तुळस.

कारण मात्र सुट्टी नव्हतं. कागद परत करायला गेलो होतो.

गेल्या दिवाळीत मामाकडे बसलो असताना शेजारपाजारचे लोक आपापल्या पिशव्या घेऊन आले. कुणाचं मोबदल्याचं प्रकरण, कुणाला प्रकल्पग्रस्ताचा दाखला आजोबांच्या नावावरून नातवाच्या नावावर करून हवा. राजीव गांधींनी १९८८ साली धरणाची पायाभरणी केली, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, पण या पिशव्या अजून भरलेल्याच. मला भरून आलं. म्हटलं, द्या सगळे, पुण्याला नेऊन नीट स्कॅन करतो, एक्सेलमध्ये यादी करतो, अर्ज ऑनलाइन भरून देतो. चौदा घरांचे कागद, त्यात काही मूळ प्रती. एका आजीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पुण्याला येताना मी स्वतःवर इतका खूश होतो की विचारू नका!

पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. रिलीज आलं, मग दुसरं रिलीज. एक्सेलमध्ये चार ओळी भरल्या, हेडरला छान रंगसुद्धा दिला. पिशवी कपाटावर गेली. फेब्रुवारीत मामाचा फोन आला: एका पोरानं भरतीचा अर्ज भरायला दाखल्याचा कागद मागितला होता, आणि तारीख निघून गेली. मामा ओरडला नाही. "तू कामात असशील," एवढंच म्हणाला.

हे मी ऑफिसातल्या एका मित्राला सांगितलं. तो अहिल्यानगरचा, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती, आजोबा चर्चमध्ये पाळक होते. त्यानं ना उपदेश केला, ना धीर दिला. म्हणाला, "आमच्याकडे सेवेला बोलावणं आलं की आजोबा पहिला प्रश्न विचारायचे, पुढच्या आठवड्यात येणार का?" आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आणून दिलं. शाळेत धडा होता, तेवढीच आमची ओळख.

ते पुस्तक मी महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये वाचलं. नागपूर सुटलं आणि लक्षात आलं की हीच ती लाइन. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते आणि डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या. त्यानं नवा करार हातात ठेवला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी पुस्तक पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. राजनांदगावची गाडी आमच्या भंडारा रोडवरूनच जाते! उगाच खिडकीबाहेर बघत बसलो.

पण मला अडवलं ते लक्ष्मीबाईंनी. टिळक मोठा माणूस, कवी, भावनेच्या भरात अंगावरचं काढून देणारा, कुणालाही घरी जेवायला आणणारा. १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही यावेत ही कल्पना. हे सगळं थोरच. पण आणलेल्या माणसाच्या ताटात काय वाढायचं, हे बाईंच्या डोक्याला. त्या तर आधी नवऱ्यापासून काही वर्षं वेगळ्या राहिलेल्या, पुढे एकत्र आल्यावरही कडक सोवळं पाळणाऱ्या. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला आणि मग कुणाच्याही हातचं खायला लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य थोडंसंच लिहून झालं होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. मला आपलं वाटलं, शिष्य कोण, तर दुसऱ्यानं उत्साहात सुरू केलेलं निस्तरणारा. (टिळकभक्तांनी रागावू नये. मी स्वतः दिवाळीतला टिळक आहे, तेही कविता वजा करून.)

पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आमचा भंडारा तेव्हा त्याच प्रांतात. तिथून शेकडो निराधार मुली-बायका त्यांनी केडगावला नेल्या. नेणं ही बातमी झाली. त्यानंतर त्यांना रोज जेवू घालणं, वाचायला शिकवणं, विणकाम, छपाई शिकवणं, हे १९२२ मध्ये त्या वारल्या तोपर्यंत चाललं.

असो. वरठीला उतरलो, भंडाऱ्याहून पवनीची एसटी धरली. गावठाणावर पोचलो तर मामा दारातच.

"काऊन गा, एवढ्या दिसानं?"

घरोघरी जाऊन कागद दिले. त्या पोराकडे जाताना पाय जड झाले होते. तो अंगणात मोटारसायकल धूत होता. "दादा, पुढची निघंल ना भरती," म्हणाला. मला वाटत होतं त्यानं दोन शिव्या घालाव्यात. आतून त्याची आजी पाण्याचा तांब्या घेऊन आली, तीच डोक्यावरून हात फिरवणारी, आणि म्हणाली जेवूनच जा. मी नको नको करत होतो. येशू शिष्यांचे पाय धुवायला वाकला तेव्हा पेत्र आधी नाही म्हणाला होता, असं मित्रानं सांगितलेलं. मला ती नम्रता वाटायची. आता तशी वाटत नाही. माझ्या 'नको'त नुसती लाज आणि अहंकार होता. जेवलो. वांग्याची भाजी होती, झणझणीत.

संध्याकाळी मामाच्या ओट्यावर बसून मोबाइलवरच कागदांचे फोटो काढले. मूळ प्रत जिथल्या तिथे परत. सहा घरांचे अर्ज झाले, मग रेंज गेली. आठ राहिलेत. एका काकांच्या सातबारावर आणि आधारवर नाव वेगवेगळं आहे, त्यासाठी तलाठ्याकडे जावं लागणार, आणि ते कामाच्याच दिवशी. म्हणून पुढच्या सोमवारची रजा टाकली आहे. मॅनेजरचं उत्तर अजून आलेलं नाही. तिकीट मात्र काढलंय, वेटिंग २३.