भोकरदनहून जहाजावर: घरच्यांना घेऊन निघण्यापूर्वी

भोकरदनला समुद्र नाही आणि रेल्वेही नाही. गावाला लागून केळणा नदी आहे. मुंबईचा किनारा इथून सुमारे चारशे किलोमीटर. अशा गावात जहाजाच्या सहलीचा विषय काढला की आधी सगळे हसतात आणि मग एकामागून एक प्रश्न येतात. नमाज कुठे पढायची? जेवण हलाल असेल का? अम्मींचे गुडघे आणि त्यांची शुगर यांचे काय? लहान मूल कठड्यावर चढले तर? जहाजावर बार असतो म्हणतात, तिथे लेकी-सुनांना न्यायचे का? या प्रश्नांना कुणी मागासलेपण म्हणू नये. जहाज बंदर सोडून निघाले की मध्येच उतरता येत नाही. म्हणून हे प्रश्न घरीच, पैसे भरण्यापूर्वी विचारायचे असतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घरचे सहा जण मुंबई-गोवा-मुंबई असा प्रवास करून आलो. माझ्या सासूबाई, ज्यांना सगळे घर अम्मी म्हणते, मुलांचे अब्बा, माझी नणंद, दोन मुले आणि मी. परत आल्यापासून ओळखीच्या बायका भेटल्या की हेच विचारतात, म्हणून सगळे एकत्र लिहीत आहे.

समुद्र आपल्याला नवा नाही

भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत हे नाव येते. १९७३ मध्ये इथे उत्खनन झाले तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या अवशेषांत १९३८ मध्ये मिळाली होती. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून तिकडे पोहोचली होती. ती आपल्या भोकरदनच्याच कारागिरांनी घडवली असावी, असे काही अभ्यासकांना वाटते. त्या काळी पैठणचा माल गाड्यांतून भडोच बंदराला जात असे आणि वाटेला वीस दिवस लागत, असे एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवले आहे.

ही झाली फार जुनी गोष्ट. आपल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणीतला समुद्र म्हणजे हजचा समुद्र. अम्मींचे वडील १९७८ मध्ये 'अकबर' जहाजाने हजला गेले होते. जालन्याहून रेल्वेने मुंबई, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, आणि मग जहाज. मोगल लाइन कंपनीची 'मोहम्मदी', 'मुझफ्फरी', 'अकबर', 'नूरजहाँ' ही नावे त्या पिढीच्या तोंडी असत. जिद्दापर्यंत साधारण २३०० सागरी मैल. डेकच्या तिकिटावर जाणारे आपली वळकटी घेऊन जात. फार पूर्वी तर शिधाही घरचाच असे. यलमलमची हद्द जवळ आली की जहाजावर पुकारा होई आणि हाजी एहराम बांधत. १९९५ पासून हजची ही समुद्रवाट बंद झाली आणि सगळे हाजी विमानाने जाऊ लागले.

त्या जहाजांवरही प्रश्न हेच होते: पाणी, जेवण, डॉक्टर, झोपायची जागा. हाजींची परवड थांबावी म्हणून इंग्रज सरकारने १८९५ मध्ये यात्रेकरूंच्या जहाजांसाठी वेगळा कायदाच केला होता. आजच्या सहलीच्या जहाजावर लिफ्ट आहे, वातानुकूलित खोली आहे, पण विचारपूस करूनच पाय ठेवायचा हा रिवाज जुनाच बरा.

जहाज आणि तिकीट

मुंबईहून नियमित देशी सहली नेणारी कॉर्डेलिया क्रूझेस ही कंपनी सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. तिचे 'एम्प्रेस' हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेले आहे. अकरा मजले, शेकडो खोल्या, जेवणाची दालने, नाटकगृह, तरणतलाव, दुकाने, आणि बार व कॅसिनोही. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीप या नेहमीच्या वाटा. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो, तेव्हा आपल्यासारख्यांनी हिवाळाच धरावा.

जाहिरातीतला आकडा हा पूर्ण खर्च नसतो. त्यावर बंदराचे शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी लागतो. किनाऱ्यावरची सहल, इंटरनेट, डॉक्टरची फी, काही खास खाद्यपदार्थ यांचे पैसे वेगळे. आमच्याकडे मिरचीच्या किंवा मक्याच्या पैशांवर वर्षाचे गणित बसते, म्हणून "सगळे धरून माणशी किती?" हा प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्या. रद्द केल्यास किती परत मिळेल आणि वादळामुळे वाट बदलली तर काय, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

देशातल्या प्रवासाला आधारसारखे सरकारी ओळखपत्र चालते, परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट लागतो. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना हवा, त्याची कागदपत्रे आधी द्यावी लागतात. नावाकडे खास लक्ष द्या. आपल्याकडे एकाच बाईचे नाव रेशनकार्डावर 'बी', आधारवर 'बेगम' आणि बँकेत नुसते 'शेख' असते. दाखवायच्या ओळखपत्रावर जे नाव आहे, तेच अक्षर न् अक्षर तिकिटावर घाला.

खोलीत चौघे राहू शकतात म्हणतात, पण तिसरा आणि चौथा पलंग बहुधा भिंतीतून किंवा छतातून उघडणारा, शिडीने चढायचा असतो. वयस्कर माणसाला तो निरुपयोगी. आम्ही शेजारशेजारच्या दोन खोल्या घेतल्या. एकीत अम्मी, नणंद आणि मोठी मुलगी, दुसरीत आम्ही दोघे आणि लहानगा. खोली निवडताना नकाशा मागा. नाटकगृह किंवा बारच्या थेट वर-खाली खोली आली तर मध्यरात्रीपर्यंत ढोल ऐकावा लागतो. मळमळ होणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली खोली घ्यावी. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

भोकरदन ते बॅलार्ड पियर

भोकरदनहून जालना साधारण साठ किलोमीटर. तिथून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस सकाळी मुंबईला पोहोचवते. जहाज ज्या बॅलार्ड पियर बंदरावरून सुटते ते सीएसएमटी स्टेशनपासून टॅक्सीने अगदी जवळ आहे आणि हज हाऊसही त्याच भागात. तरीही ज्या दिवशी जहाज, त्याच सकाळी पोहोचायचा बेत ठेवू नका. गाडी उशिरा आली तर जहाज थांबत नाही. एक दिवस आधी मुंबई गाठा.

बंदरावर विमानतळासारखी तपासणी होते. मोठ्या बॅगा तिथेच घेतात आणि त्या खोलीपर्यंत यायला काही तास लागतात. म्हणून औषधे, डॉक्टरची चिठ्ठी, मुलांचा एक जोड कपडा, जानमाज आणि कागदपत्रे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, पाण्याची किटली, मेणबत्ती, अगरबत्ती, एक्स्टेन्शन बोर्ड यांना आगीच्या भीतीने मनाई असते. आपल्या हवेच्या दोन वस्तू मात्र विसरू नका: प्लास्टिकचा एक मग, कारण जहाजावरच्या संडासात पाण्याची सोय असेलच असे नाही, आणि एक शाल, कारण वातानुकूलन फार थंड असते.

नमाज आणि जेवण

नमाजसाठी वेगळी जागा आहे का हे आधी विचारा. नसली तरी खोलीत दोन पलंगांमधल्या जागेत एक जानमाज बसते. न्हाणीघर लहान आहे, वजू सावकाश करा म्हणजे बाहेर पाणी सांडत नाही. किब्ल्यासाठी फोनवरच्या होकायंत्रावर खोलीत विसंबू नका, चहूबाजूंच्या लोखंडामुळे काटा फसतो. सोपी खूण अशी: मुंबईहून गोव्याला जहाज दक्षिणेकडे जाते, तेव्हा जहाजाच्या तोंडाकडे तोंड करून उभे राहिलात तर किब्ला उजव्या हाताला येतो, परतताना डाव्या हाताला. एकदा डेकवर जाऊन मावळत्या सूर्यावरून खात्री करून घ्या.

हनफी मसलकाप्रमाणे साधारण ७८ किलोमीटरपुढचा प्रवास आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर कसर करायची: झोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात, फजर आणि मगरिब तशीच राहते. कोकणातल्या शाफई घरांचा हिशेब थोडा वेगळा आहे. जहाज हलते म्हणून चक्कर येत असेल तर बसून पढण्याची सवलत आहे. निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना एकदा विचारले की मनात शंका राहत नाही.

जेवणाबाबत "हलाल आहे ना?" एवढे विचारून भागत नाही, कारण काउंटरवरचा मुलगा "हो" म्हणून मोकळा होतो. बुकिंगच्या वेळीच लेखी विचारा: मांस कुठून येते, प्रमाणपत्र आहे का, डुकराचे मांस त्याच स्वयंपाकघरात होते का, तळणाचे तेल वेगळे आहे का, गोड पदार्थांत दारू किंवा जिलेटिन असते का. उत्तर समाधानकारक नसेल तर शाकाहारी आणि मासळी हा सरळ मार्ग आहे. देशी जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवण भरपूर मिळते. कोळंबी खायची की नाही, हे ज्याने त्याने आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे ठरवावे. आम्ही तीन दिवस भाजी, डाळ, मासे आणि फळांवर राहिलो आणि कुणी उपाशी झोपले नाही.

अम्मी, मुले आणि तब्येत

जहाजावर दवाखाना आणि डॉक्टर असतो, पण फी लागते आणि मोठे ऑपरेशन तिथे होत नाही. हृदयविकार, दमा, मधुमेह असेल तर आपल्या डॉक्टरला विचारूनच निघा. इन्सुलिनसाठी खोलीत फ्रिज आहे का, विचारा. चाकाची खुर्ची बुकिंगच्या वेळीच मागा. सहा महिन्यांखालचे बाळ आणि २४ आठवडे झालेल्या गर्भवती यांना क्रूझ कंपन्या सहसा घेत नाहीत. गोव्याला जहाज मुरगाव बंदराच्या धक्क्याला लागते, तिथे उतरणे सोपे. लक्षद्वीपला मात्र जहाज लांब थांबते आणि लहान होडीत उतरावे लागते. दुखऱ्या गुडघ्यांनी तो बेत टाळलेला बरा.

निघण्याच्या वेळी सुरक्षेची कवायत होते. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की नेमून दिलेल्या जागी जमायचे. ही कवायत कंटाळा म्हणून चुकवू नका. अम्मींना जिना किती आहे ते त्याच वेळी दाखवून ठेवा, कारण आगीत लिफ्ट वापरायची नसते. मुलाला फोटोसाठी कठड्यावर कधीही बसवू नका. आणि किनारा सुटताच फोन 'फ्लाइट मोड'वर टाका, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचे बिल घरी आल्यावर कळते.

मग जावे का?

बार, कॅसिनो, रात्रीचा नाच हे त्या जहाजावर आहेच. ते खोलीच्या दारात येत नाही, पण जेवायला जाता-येता दिसते. शनिवार-रविवार टाळला तर गोंगाट कमी असतो. तरुण मुले सोबत असतील तर काय पाहायचे, कुठे जायचे नाही, हे घरीच बसून बोलून घ्या. ज्यांना ते वातावरणच नको त्यांनी जाऊ नये, त्यात काही गमावले असे मुळीच नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुमारे तासाभरात जाते, आपली गाडीसुद्धा तिच्यात चढते. समुद्र थोडक्या पैशांत दिसतो आणि घरात कुणाला बोट लागते हेही कळते. क्रूझचे पैसे भरण्याआधी अशी एक फेरी सगळ्यांनीच करून पाहावी.

आम्ही गेलो ते अम्मींसाठी. वयाच्या सोळाव्या वर्षापासून त्यांनी एकही दिवस असा पाहिला नव्हता, की चहा कुणीतरी आणून देईल आणि भांडी कुणीतरी नेईल. पहिल्या सकाळी त्या फजरनंतर डेकवर खुर्ची टाकून बसल्या आणि नाश्त्याची वेळ झाली तरी उठेनात. "अब्बा सांगायचे, जिकडे बघावे तिकडे पाणीच पाणी. मला वाटायचे, वाढवून सांगतात," एवढेच त्या म्हणाल्या. कोणती खोली, कोणते जेवण, कोणता वार, हे सगळे आधी विचारून ठेवले होते म्हणून त्या निवांत बसू शकल्या. तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर वर लिहिलेले प्रश्न एका कागदावर उतरवून घ्या, एकेकाचे उत्तर मिळवा आणि मगच तिकीट काढा.