काठी कोणत्या कलमात लिहिली आहे?

१४ एप्रिल २०२०. बाबासाहेबांची १२९ वी जयंती. त्याच दिवशी सकाळी दहा वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढवल्याचे जाहीर केले. त्याआधी आठवडाभर आम्ही वस्तीत घरोघरी सांगत फिरलो होतो की यंदा मिरवणूक नाही, गर्दी नाही. घरातच प्रतिमेला वंदन करायचे, वर्गणीच्या पैशातून धान्याच्या पिशव्या भरायच्या. लोकांनी ऐकले. ज्या समाजाला बेशिस्त म्हणून हिणवले जाते, त्या समाजाने आपला सर्वांत मोठा दिवस उंबऱ्याच्या आत साजरा केला.

पण संध्याकाळी सात पोरे विहारासमोरच्या निळ्या झेंड्यापाशी मेणबत्त्या लावायला गेली. तोंडाला रुमाल होते, दहा मिनिटांत परतणार होती. तेवढ्यात गाडी आली. कोणी पळाले नाही, कोणी उलट बोलले नाही. तरी पोटऱ्यांवर काठ्या बसल्या, उठाबशा काढायला लावल्या आणि वर भादंवि कलम १८८ चा गुन्हा. त्यातला एक जण पोलीस भरतीची तयारी करणारा. रोज पहाटे चार वाजता मैदानावर धावणारा.

रात्री आम्हाला फोन आला तेव्हा आम्हाला दोन राग एकाच वेळी आले. एक पोरांचा, दुसरा काठीचा. आमच्यातलाच एक कार्यकर्ता म्हणाला, "नियम मोडला ना? मग बरे झाले." त्या रात्री आमच्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हते. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या आम्हाला सामाजिक नियंत्रणाच्या व्याख्या पाठ होत्या, पण कलम १८८ मध्ये काय लिहिले आहे ते माहीत नव्हते. ही लाज आम्ही कबूल करतो. हा लेख त्या लाजेतूनच लिहीत आहोत.

मग आम्ही वाचायला बसलो. कलम १८८ खाली साधी शिक्षा एक महिना कैद किंवा दोनशे रुपये दंड. आदेश मोडल्याने माणसाच्या जिवाला धोका होत असेल तर सहा महिने किंवा एक हजार रुपये. ही शिक्षा देणार न्यायालय. तेही संबंधित अधिकाऱ्याने लेखी तक्रार केल्यावरच, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९५ सांगत होते. जमाव पांगवायला किंवा अटकेला विरोध झाल्यास आवश्यक तेवढे बळ पोलिसांना वापरता येते. पण हात जोडून उभ्या असलेल्या पोराला मारणे, उठाबशा काढायला लावणे ही शिक्षा कोणत्याच कायद्यात नाही. पोरांनी नियम मोडला असेल तर तो न्यायालयाने ठरवायचा विषय होता. काठीने तर तो तिथेच मोडला. मग गुन्हा एकाच बाजूला का नोंदला गेला?

दुसरा धडा रेशनच्या दुकानात मिळाला. वस्तीत भाड्याने राहणारी एक नाका कामगार ताई, कार्ड गावाकडचे. दुकानदाराने हात हलवत परत पाठवले. आम्ही तिच्या नावाने तहसीलदारांना अर्ज लिहिला. ज्या आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या जोरावर देश बंद झाला, त्याच कायद्याचे कलम १२ अन्न, निवारा, पाणी, औषधोपचार यांचे किमान निकष ठरवायला सांगते. कलम ६१ तर मदत देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही असे स्पष्ट म्हणते. कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कलम ५६ आहे. टाळेबंदी मोडणाऱ्याचे कलम ५१ चौकाचौकात लाऊडस्पीकरवर सांगितले गेले. १२, ५६, ६१ कोणी सांगितले का? अकराव्या दिवशी ताईला धान्य मिळाले. ते उपकार म्हणून मिळाले नाही, अर्जावरची पोचपावती दाखवल्यावर मिळाले.

पुढे ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कलम १२ च्या आधारे कोरोनामृतांच्या कुटुंबांना सानुग्रह मदत देणे सरकारवर बंधनकारक असल्याचे सांगितले आणि पन्नास हजार रुपये ठरले. कागद वाचणारा माणूस ज्या वस्तीत होता, तिथे अर्ज वेळेवर भरले गेले.

आता आपल्या बाजूचे. हक्क सांगणाऱ्याने कर्तव्य लपवू नये. रुग्णालयात सफाईचे काम करणाऱ्या आमच्याच एका मावशीला आमच्याच गल्लीतल्या नळावर बाजूला उभे केले गेले. 'सामाजिक अंतर' या शब्दाने ज्यांच्या पिढ्या जाळल्या, त्यांनीच तो शब्द उचलला. अंतर शरीराचे ठेवायचे होते, समाजाचे नव्हे. तापाची लक्षणे लपवणारेही आपल्यात होते. तेव्हा आम्हाला १८९७ आठवले. प्लेगच्या साथीत इंग्रजांनी साथरोग कायदा आणला तो त्या वर्षीच्या फेब्रुवारीत. आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीमाई गेल्या त्या १० मार्चला. कायद्याने लोकांवर सक्ती केली, माईंनी रुग्णाला हात लावला. आपण माईंचे वारस आहोत, हे नळावर विसरून कसे चालेल?

त्या पोराचे काय झाले? चारित्र्य पडताळणीच्या अर्जातल्या 'आपल्यावर गुन्हा दाखल आहे काय?' या रकान्यापाशी त्याचा पेन थांबायचा. आम्ही सांगितले, खरेच लिही, लपवणे जास्त महागात पडते. २०२२ मध्ये राज्य सरकारने टाळेबंदीतले कलम १८८ चे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. तोपर्यंत त्याने मैदानावर जाणे सोडले होते. दोनशे रुपये दंडाच्या कलमाची ही खरी किंमत.

१ जुलै २०२४ पासून भादंवि गेली. त्या कलमाच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ आले आणि शिक्षा वाढली. साधा भंग असेल तर सहा महिने किंवा अडीच हजार रुपये, जिवाला धोका असेल तर एक वर्ष किंवा पाच हजार. पुढची साथ येईल तेव्हा काठी तीच असेल, कलम जास्त जड असेल.

म्हणून मित्रांनो, विहारात रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास कायद्याला द्या. अटक झाली तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे आणि वकिलाला भेटू देणे हा अनुच्छेद २२ चा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. प्रत्येक अर्जाची पोचपावती घ्या. आदेश लेखी मागा. आणि आदेश योग्य असेल तर तो सर्वांत आधी आपण पाळा.

बाबासाहेबांनी आपल्या हातात दगड दिला नाही, संविधान दिले. ते उघडून वाचल्याशिवाय काठीला प्रश्न विचारता येणार नाही.

जय भीम! जय संविधान!