समुद्रकाठची पंचक्रोशी

मराठी मध्यमवर्गीय माणूस पायी चालतो तो तीनच कारणांनी. डॉक्टरांनी सांगितले म्हणून, रिक्षावाला नाही म्हणाला म्हणून, किंवा पंढरपूरला जायचे म्हणून. यांपैकी एकही कारण नसताना, परमुलखात, पदरचे युरो मोजून डोंगरातून पायी हिंडणे याला आमच्या घराण्यात वेडेपणा म्हणतात. हा वेडेपणा आम्ही उभयतांनी साठी उलटल्यावर इटलीत केला. त्याचे मूळ माझी भाची. ती नोकरीनिमित्त जेनोआला असते. तिने फोनवरच बजावले होते, "मामा, चिंक्वे तेर्रे आगगाडीतून बघायचं नाही. चालत बघायचं. आणि जमलं तर सायकलवरून."

"तिला म्हणावं, मामाला आधी जिना चढून दाखवू दे," ही पलीकडून म्हणाली.

भाचीच्या सांगण्याचा अर्थ आगगाडीत बसल्यावर कळला. जेनोआहून ला स्पेत्सियाला जाणारी ही लाइन 1874 साली पुरी झाली. ती आखणाऱ्याचे समुद्रापेक्षा बोगद्यांवर अधिक प्रेम असावे. बोगदा संपतो, निळ्या रंगाचा एक फटकारा दिसतो आणि "अगं, बघ" म्हणेपर्यंत पुढचा बोगदा येतो. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. तासाभरात मी हिला बारा वेळा "बघ" म्हणालो आणि तिने बारा वेळा अंधार पाहिला.

चिंक्वे तेर्रे म्हणजे पाच भूमी. मोंतेरोस्सो, वेर्नाझ्झा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे अशी ही पाच गावे. त्यांना जोडणारी किनाऱ्याची पायवाट सारी मिळून बारा किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडे याला सरळ पंचक्रोशी म्हटले असते आणि मध्यभागी एखादे जागृत देवस्थान काढले असते. तिकडे देवस्थानाचे काम युनेस्कोने केले. 1997 साली हा भाग जागतिक वारशाच्या यादीत गेला, 1999 साली राष्ट्रीय उद्यान झाला आणि तेव्हापासून भाविकांची रीघ लागली आहे.

आम्ही सुरुवात सायकलीपासून केली. पाच गावांच्या वेशीवर लेवांतो नावाचे गाव आहे. तिथून बोनास्सोलामार्गे फ्रामुरापर्यंत पूर्वी आगगाडीचा एकेरी मार्ग समुद्राला खेटून जाई. पुढे गाडी आत नव्या बोगद्यांत गेली आणि जुने बोगदे रिकामे पडले. आपल्याकडे रिकाम्या बोगद्यात काय काय साठवले असते त्याचा तपशील सांगत नाही. त्यांनी तिथे दिवे लावले आणि सायकलींचा व पादचाऱ्यांचा रस्ता केला. त्यातली गंमत अशी की आगगाडीला चढ फारसा मानवत नाही, म्हणून हा रस्ता जवळजवळ सपाट आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंजिनाच्या अशक्तपणामुळे माझ्या गुडघ्यांची सोय झाली.

भाड्याच्या सायकलीच्या दुकानात मी सीट खाली करून घेत होतो, तेवढ्यात ही निघूनसुद्धा गेली. ती पुण्याची. पुणे जेव्हा सायकलींचे शहर होते तेव्हा तिने लक्ष्मी रोडवरून कॉलेजला जाऊन दाखवलेले आहे. ज्याने त्या काळी लक्ष्मी रोडवर सायकल चालवली तो जगात कुठेही चालवू शकतो. बोगद्यात पुढे कुठे तरी तिची घंटी वाजत होती आणि मी घंटीच्या अनुरोधाने संसार करीत होतो.

बोगद्यात गारवा, बाहेर ऊन. आणि दोन बोगद्यांच्या मधल्या खिंडीत एकदम समुद्र! आगगाडीतून निसटलेला निळा फटकारा तो हाच. फरक एवढाच की सायकलीला ब्रेक असतो आणि तो आपल्या हातात असतो. आम्ही प्रत्येक खिंडीत थांबलो. हिने प्रत्येक ठिकाणी "अगदी वेंगुर्ल्यासारखं" असे म्हटले. इटालियन लोकांना मराठी येत नाही ते बरेच आहे.

दुसऱ्या दिवशी पायांची पाळी. मोंतेरोस्सो ते वेर्नाझ्झा हे अंतर साडेतीन किलोमीटर. भाची म्हणाली दोन तास लागतील, तेव्हा मला हसू आले. साडेतीन किलोमीटरला दोन तास तर लग्नाच्या वरातीलाही लागत नाहीत. पण या वाटेला सपाटी अशी नाहीच. एक तर ती चढते, नाही तर उतरते, आणि बहुतेक वेळा दगडी पायऱ्यांनी. चपला-स्लिपर घालून येणाऱ्यांना इथे दंड करतात, तोही 50 युरोंपासून पुढे. त्यामुळे हिने खास आणलेल्या कोल्हापुरी पिशवीतच राहिल्या. समोरून येणारा प्रत्येक जण "बुओन्जोर्नो" म्हणतो. पहिल्या दहा जणांना मी उत्तर दिले. पुढे श्वास पुरेना, तेव्हा वारकऱ्यासारखे नुसते हात जोडू लागलो.

अर्ध्या चढावर एक आजोबा भिंत दुरुस्त करताना दिसले. मी थांबलो. कुतूहल होतेच, पण दम त्याहून अधिक लागला होता.

पावसाने भिंतीचा हातभर तुकडा ढासळला होता. खाली दगडांचा ढीग. चुना नाही, सिमेंट नाही. आजोबा एक दगड उचलत, हातात फिरवीत, बसवीत आणि मागच्या फटीत खडे भरीत. आपल्या कोकणात याला गडगा म्हणतात. दगडांच्या फटींतून पाणी वाहून जाते, म्हणून माती अडते आणि भिंत फुगत नाही. आम्ही बघत उभे राहिलेले पाहून त्यांनी ढिगाकडे बोट दाखवून हात पुढे केला. मी एक दगड दिला. त्यांनी तो फिरवून पाहिला आणि नम्रपणे बाजूला ठेवला. दुसराही ठेवला. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी माझ्याकडे नजर टाकली. ती नजर माझ्या गणिताच्या मास्तरांची होती. तेवढ्यात हिने ढिगातून एक वेडावाकडा दगड उचलून दिला आणि तो असा बसला की आजोबा "ब्रावा!" म्हणाले.

"फ्रीजमध्ये सात डबे बसवते रोज," ती म्हणाली. "हे काय मोठं!"

मग मी मान वर करून डोंगराकडे पाहिले. तोवर मी त्याला निसर्ग समजत होतो. समुद्रापासून वर नजर पोचेल तिथवर भिंतीवर भिंत, भिंतीवर भिंत. मूळ डोंगर इतका उभा की त्यावर बकरीनेही विचार करून पाय ठेवावा. माणसांनी जवळजवळ हजार वर्षे दगड रचून त्याच्या पायऱ्या केल्या, त्यांत माती भरली, द्राक्षे आणि ऑलिव्ह लावले. द्राक्षांच्या टोपल्या पाठीवरून उतरवल्या. आता काही ठिकाणी त्यासाठी एकाच रुळावर चालणारी खेळण्याएवढी गाडी आहे, आणि ती अशा चढावर जाते की बघणाऱ्यालाच घेरी यावी. फोटोत येतो तो देखावा म्हणजे कोणाच्या तरी पणज्याची पाठदुखी आहे.

पण रेल्वे आली, ला स्पेत्सियाला 1869 साली आरमाराची गोदी उघडली आणि महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी डोंगराखाली येऊन उभी राहिली. पुढची गोष्ट रत्नागिरीच्या माणसाला सांगायला नको. तिकडे गोदी, इकडे गिरणी, एवढाच फरक. पोरे गेली, म्हातारे थकले, वरच्या भिंती एकेक करून बसू लागल्या. भिंत पडली की माती सुटते. 25 ऑक्टोबर 2011 रोजी काही तासांत प्रचंड पाऊस झाला आणि डोंगरावरून आलेल्या चिखल-दगडांनी मोंतेरोस्सो आणि वेर्नाझ्झा भरून टाकले. माणसे दगावली. ज्या चौकात आम्ही नंतर आइस्क्रीम खाल्ले, तिथे चिखल वरच्या मजल्यांना टेकला होता. गावाने तो उपसला आणि गाव पुन्हा उभे केले. अशा भिंती रचण्याच्या कलेला युनेस्कोने 2018 साली मानवजातीचा वारसा म्हटले. तेव्हा इटलीसह आठ देशांचा तो मान होता. मान मिळाला, पण भिंतीला लागतो तो हात. त्या दिवशी त्या उतारावर मला दोनच दिसले आणि तेही सत्तरी ओलांडलेले.

कोर्निल्या हे एकच गाव समुद्रापासून शंभर मीटर उंच बसले आहे. स्टेशनापासून वर जायला पायऱ्या. पुस्तकात 382 लिहिल्या आहेत, माझ्या हिशेबी 379 भरल्या आणि हिच्या हिशेबी "पुरे झालं" इतक्या. पर्वतीच्या 103 पायऱ्यांवर आयुष्यभर पोसलेला आमचा अभिमान तिसऱ्या वळणावर उतरला. त्याची भरपाई जेवणाने झाली. तिथे फारिनाता म्हणून एक पदार्थ मोठ्या तबकात भट्टीतून काढून देतात. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्हचे तेल आणि मीठ. ही एक घास खाऊन म्हणाली, "अहो, हे तर बेसनाचं धिरडं!" पेस्तो म्हणजे सब्जाच्या पाल्याची लसूण-चीज घातलेली चटणी. मोंतेरोस्सोची खारवलेली मासळी आपल्या मांदेलीच्या कुळातली निघाली. इतके लांब येऊन माणूस घरचेच जेवतो आणि पैसे मात्र परक्यासारखे देतो.

शेवटची वाट मानारोला-रिओमाज्जोरेमधली, एक किलोमीटरहून कमी. नाव प्रेमाची वाट. रेल्वेच्या कामासाठी ती काढली आणि दोन्ही गावची तरुण मंडळी तिच्यावर भेटू लागली. 2012 साली दरड कोसळून काही जण जखमी झाले आणि प्रेम बारा वर्षे बंद राहिले. 2024 साली ते पुन्हा सुरू झाले, पण आता वेळ ठरवून तिकीट काढावे लागते. आम्हाला सकाळी साडेदहाची वेळ मिळाली. लग्नाचा मुहूर्तही आमचा तोच होता, असे हिने आठवून सांगितले. मी "अर्थात" म्हणालो.

परतताना लाँचने आलो. समुद्रातून पाचही गावे एका नजरेत ओळीने सरकत जातात. रंगीत घरे, वर हिरव्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये शिसपेन्सिलीने ओढाव्यात तशा भिंतींच्या रेघा, आणि मधूनमधून जिथे रेघ पुसली गेली आहे तिथे नुसते रान. मोंतेरोस्सो जवळ आले तशी ही कठड्याशी जाऊन उभी राहिली.

"तो बघा," ती बोट दाखवून म्हणाली.

"कोण?"

"माझा दगड."

हजारो दगडांतला तो एक मला काही दिसला नाही. पण लाँच बंदराला लागेपर्यंत ती त्या दिशेला बघत होती, आणि मीही बघत राहिलो.