उचल

नेरे गावाकडे येणाऱ्या गाडीत आज पुन्हा तेच कानावर पडलं: "कातकऱ्याच्या हातात पैसा टिकत नाही." बोलणारा तसा भला माणूस. फ्लॅटचे हप्ते अजून बारा वर्षं फेडायचेत, हेही त्यानेच सांगितलं. त्याचं कर्ज ती जबाबदारी आणि कातकऱ्याने वीटभट्टीवर आगाऊ घेतलेली उचल ती उधळपट्टी, हा हिशेब मला काही जमत नाही.

पावसाळ्यात हाताला फारसं काम नसतं. तांदूळ, आजारपण, लग्न, सगळं भट्टीमालकाच्या पैशावर निभावायचं आणि दिवाळीनंतर बायकापोरांसह विटा पाडून ते फेडायचं. मजुरी हातात येण्याआधीच संपलेली, टिकणार काय? वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली खरी, पण उचलीची वही मालकाकडेच असते. पोरं सोबत जातात, शाळा बुडते, मग "यांना शिक्षणाची आवडच नाही" म्हणायला सगळे मोकळे.

एके काळी हे कातकरी खैरापासून काथ काढत. जंगल सरकारी झालं, धंदा बसला. त्याला आळस म्हणत नाहीत, निदान म्हणू नये.

इथल्या नेऱ्याच्या शांतिवन संस्थेत कुष्ठरुग्णांना आसरा मिळाला. तो रोगही कधी पूर्वजन्मीचं पाप समजला जाई. गरिबीबद्दल अजून तसंच बोलतात, फक्त जरा सभ्य शब्दांत.

"सरकार पैसे देतं, तरी हे पक्कं घर का बांधत नाहीत?" हा गाडीतला शेवटचा प्रश्न. कितीतरी वाड्यांत घराखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे. मी एवढंच विचारलं, "तुम्ही बांधाल, परक्याच्या सातबाऱ्यावर?"