उंबराचे फूल

क्वचित भेटणाऱ्या माणसाला मराठीत ‘उंबराचे फूल’ म्हणतात. माझा मुलगा नोकरीसाठी पुण्याहून बंगळुरूला गेला आणि कवठे येमाईच्या आमच्या घराला तो उंबराचे फूल झाला. जाण्यापूर्वी त्याने पुण्याच्या खोलीतले एक झाड कुंडीसकट आमच्या ओसरीत आणून ठेवले. कमरेएवढे सरळ खोड आणि त्यावर सारंगीच्या आकाराची, दीड वीत लांबीची जाड पाने. “फिडल लीफ म्हणतात याला. सांभाळ, आई,” एवढेच तो बोलला.

उतरवताना एक पान तुटले आणि देठातून पांढरा चीक आला. तो पाहून सासूबाई म्हणाल्या, “हे वडाचं भावंड दिसतंय. असलं झाड घरात ठेवीत नाहीत.” नाते त्यांनी अचूक ओळखले होते. वड, पिंपळ, उंबर आणि पश्चिम आफ्रिकेच्या पावसाळी जंगलातले हे झाड, सारी एकाच कुळातली.

आमचा शिरूर तालुका पर्जन्यछायेतला. पाणी कमी पडेल, हीच येथे जन्माची धास्ती. मी त्या झाडाला रोज तांब्याभर पाणी घालू लागले. महिन्याभरात पानांवर तपकिरी डाग पडले आणि खालची पाने एकेक करून गळू लागली. मी आणखी पाणी घातले. मुलाचा फोन आला की मात्र सांगे, “झाड छान आहे.” तोही म्हणे, “मी मजेत आहे.”

एके दिवशी यजमानांनी कुंडीत बोट खुपसले. “अगं, कांद्याला पाणी देताना आपण वाफ्यातली माती बघतो. मग इथं न बघताच रोज तांब्या ओततेस होय?” कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचले होते. झाड उपसले, तर बरीच मुळे काळी पडून मऊ झाली होती. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. सतत ओल्या मातीत ती गुदमरून कुजतात. माझ्या मायेनेच झाडाचा श्वास कोंडला होता.

कुजकी मुळे छाटली. मातीत जाड वाळू मिसळून झाड पुन्हा लावले आणि पूर्वेच्या खिडकीशी, भरपूर उजेडात ठेवले. बोटाची दोन पेरे खुपसून माती कोरडी लागली, तरच पाणी घालायचे असे ठरवले. दर आठवड्याला ओल्या फडक्याने पानांवरची धूळ पुसू लागले. एवढे केले, तरी झाड जगेल याची खात्री नव्हती.

त्या रात्री मीच मुलाला फोन केला. “तुझं झाड मी जवळजवळ मारलं रे. इतके दिवस खोटं सांगत होते.” पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “आई, माझी नोकरी जाऊन दोन महिने झाले.”

दुसऱ्या आठवड्यात तो घरी आला. घोड नदीच्या काठी उंबराखाली आम्ही दोघे बसलो होतो. त्याने खाली पडलेले एक फळ फोडले; आतून बारीक चिलटे उडाली. उंबराला फुले येत नाहीत, असे नाही. शेकडो इवली फुले त्या फळाच्या पोटात मिटलेली असतात आणि सूक्ष्म छिद्रातून आत शिरणाऱ्या चिलटालाच ती सापडतात. बाहेरून पाहणारा फूल नाही म्हणतो आणि पुढे जातो. मीही रोज फोनवर तेच करीत होते.

पंधरा दिवस राहून तो नवी नोकरी शोधायला परत गेला. पुढे झाडाच्या शेंड्याला तांबूस आवरणातून एक कोवळे पान निघाले. आता फोनवर मी आधी गळलेली पाने सांगते, मग नवी आलेली. तोही हल्ली त्याच क्रमाने बोलतो.